नाणेघाटापासून काळबादेवीपर्यंत

डिसेंबरची १२ तारीख आली की आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे नाव पुन्हा सगळ्यांच्या तोंडी येते. या गावचा बाबू गेनू सैद १९३० साली त्या दिवशी मुंबईत काळबादेवी रस्त्यावर परदेशी कापडाच्या ट्रकपुढे उभा राहिला, हटला नाही, आणि त्याच ट्रकखाली गेला. शुक्रवार होता. वय बाविशीचे. त्याच्या स्मृतिदिनी हार चढतात, घोषणा होतात, शाळांमधून भाषणे होतात. आता मंचर, नारायणगाव, जुन्नर, घोडेगाव इथे इंग्रजी माध्यमाच्या शाळा आहेत, तेव्हा ही भाषणे इंग्रजीतूनही होतात. त्यांत ‘ब्रेव्ह’, ‘करेजस’, ‘गॅलंट’, ‘हीरो’, ‘मार्टर’ हे शब्द एकामागून एक येतात. मुले आपल्या मातीतल्या माणसाबद्दल जगाच्या भाषेत बोलतात, ही अभिमानाचीच गोष्ट आहे. मात्र हे शब्द कुठल्या घरचे, ते पूर्वी कोणाच्या अंगावर शोभत होते आणि बाबू गेनूच्या अंगावर ते बसतात का, हे त्या मुलांना कोणी तरी सांगायला हवे. यंदाच्या स्मृतिदिनी आम्ही तेच करायचे ठरवले आहे.

‘करेज’पासून सुरुवात करू. लॅटिनमध्ये हृदयाला ‘कोर’ म्हणत. तिथून फ्रेंचमार्गे हा शब्द इंग्रजीत आला. पूर्वीच्या इंग्रजीत त्याचा अर्थ धैर्य एवढाच नव्हता. माणसाच्या मनात जे काही असेल, राग, लोभ, इच्छा, ते सगळे त्यात येई. भीतीला सामोरे जाण्याचा अर्थ हळूहळू पक्का झाला. ‘प्लक’ हा दुसरा शब्द तर थेट खाटकाच्या दुकानातला. कापलेल्या जनावराचे काळीज, यकृत आणि फुप्फुसे एकत्र काढतात, त्या गड्डीला ‘प्लक’ म्हणत, आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो हिमतीचा शब्द झाला. आपणही तेच केले आहे. ‘काळीज लागतं त्याला’ म्हणतो, ‘छाती आहे का?’ विचारतो, आणि ‘जिगर’ म्हणजे फारसीत यकृतच. भित्र्यासाठी इंग्रजीत ‘कॉवर्ड’ शब्द आहे. त्याच्या मुळाशी लॅटिन ‘काउडा’, म्हणजे शेपूट. आपल्याकडेही पळपुटा शेपूट घालतो. इंग्लंडातला आणि घोडेगावातला माणूस एकमेकांना न विचारता कुत्र्याकडे बघून तेच शिकला. जिथे शब्द शरीरातून आला आहे तिथे जगभरची माणसे सारखी बोलतात.

शब्द समाजातून आला की मात्र वाटा वेगळ्या होतात.

‘शिव्हलरी’ हा इंग्रजीतला फार मानाचा शब्द. तो आला घोड्यावरून. उत्तरकालीन लॅटिनमध्ये घोडेस्वाराला ‘काबालारिउस’ म्हणत, फ्रेंचने त्याचे ‘शेव्हालिए’ केले आणि घोडेस्वार सरदाराच्या रीतिभातीला ‘शिव्हलरी’ हे नाव पडले. घोडा पोसायचा, चिलखत घालायचे, पाठीशी चाकर ठेवायचे, तर जमीन हवी, वतन हवे. म्हणजे या शब्दात शिरायलाच ऐपत लागत होती. ‘गॅलंट’ची गोष्ट याहून वेगळी आहे. जुन्या फ्रेंचमध्ये ‘गाले’ म्हणजे मौजमजा करणे, थाटामाटात मिरवणे. त्यावरून ‘गालां’ म्हणजे नटूनथटून मिरवणारा. इंग्रजीत तो आधी भपकेदार पोशाखाचा, मग रुबाबदार, मग स्त्रियांशी अदबीने वागणारा आणि रणात बेधडक असा सगळा अर्थ घेऊन बसला. आज आपल्या पोलीसपदकांवर ‘फॉर गॅलंट्री’ असते, त्याचे मूळ असे उत्सवाच्या झगमगाटात आहे. ‘व्हॅलर’ लॅटिन ‘व्हालेरे’वरून: बळकट असणे, किंमत असणे. ‘व्हॅल्यू’ हे त्याचेच भावंड. आणि ‘ब्रेव्ह’? तो इटालियन-स्पॅनिश ‘ब्राव्हो’वरून फ्रेंचमार्गे आला. तिथे त्याचा अर्थ रानटी, न माणसाळलेला असाही होता, आणि पैसे घेऊन खून करणाऱ्यालाही इटलीत ‘ब्राव्हो’च म्हणत. मूळ ‘बार्बारुस’ असावे असे पुष्कळ अभ्यासकांना वाटते.

हे वाचून कोणी आपल्या शब्दांचा गर्व करू नये. आपले धर्मशास्त्र उघडले तर ‘साहस’ हे राजाने चालवायच्या खटल्यांतले एक प्रकरण आहे: बळजोरी, लूट, खून. ‘उत्तम साहस’ म्हणजे सगळ्यांत मोठा दंड. तोच शब्द आज आपण हडसरच्या चढाईला आणि नाणेघाटाच्या भटकंतीला वापरतो. शिवाय आपले शौर्य बोलते तरी किती भाषांत! ‘हिंमत’ अरबीतून, ‘बहादूर’ मंगोल-तुर्कांकडून फारसीमार्गे, ‘मर्दुमकी’ आणि ‘शाबास’ फारसीतून. मराठ्यांनी ज्यांच्याशी लढाया केल्या त्यांचेच शब्द घेऊन आपल्या माणसांची पाठ थोपटली. यात कमीपणा काही नाही.

तरीही एक फरक आमच्या मते महत्त्वाचा आहे. युरोपच्या मानाच्या शब्दांत घोडा मध्यभागी आहे. आपल्या या सह्याद्रीच्या कडेला, भीमाशंकरपासून हरिश्चंद्रगडाच्या पायथ्यापर्यंत, पराक्रम बहुतेक पायीच झाला. इथल्या खिंडींत, कातळावरच्या पायठशांत घोडा काय करणार? ‘मावळा’ हा शब्द मुलखावरून आला आहे. त्यात घोडा नाही, चिलखत नाही, वंशावळ नाही. घोडदळातसुद्धा शिवाजी महाराजांनी स्वतःचा घोडा घेऊन येणाऱ्या शिलेदारापेक्षा सरकारी घोड्यावरच्या बारगिराच्या पागेवर भर दिला. ज्याला घोडा परवडत नाही त्यालाही पराक्रमाची जागा मिळावी, एवढी सोय त्या व्यवस्थेत होती. शिवनेरीवर १९ फेब्रुवारी १६३० रोजी जन्मलेल्या राजाने हा मुलूख घडवला म्हणतो तेव्हा हेही त्यात येते.

शौर्याचे शब्द आपल्या जुन्नर तालुक्यात कोरलेले पाहायचे असतील तर नाणेघाटात जावे. जुन्नरहून घाटघरमार्गे पठारावर पोचलो की घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण दिसतो, आणि खिंडीत थोडे उतरले की लेणे. आत तीन बाजूंना भिंती. समोरच्या भिंतीवर एके काळी सातवाहनांच्या राजघराण्यातल्या माणसांच्या प्रतिमा होत्या. आज उरली आहेत ती फक्त पावलांची निशाणे, आणि वर कोरलेली नावे: सिमुक सातवाहन, देवी नायनिका आणि राजा सिरी सातकणि, एक महारठी, राजकुमार. माणसे गेली, नावे राहिली. बाजूच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृतात, याच नायनिकेचा, म्हणजे राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा लेख आहे. सुमारे २,००० वर्षे झाली त्याला. पावसाने, वाऱ्याने, आणि सांगताना वाईट वाटते, पण स्वतःची नावे खरडणाऱ्यांनीही त्याची पुष्कळ झीज केली आहे. तरी अक्षरे लागतात. त्यांत राजाला लावलेली विशेषणे आहेत: ‘वीरस’, ‘सूरस’, ‘अप्रतिहतचकस’, ‘दखिनपठपतिनो’. वीर, शूर, ज्याच्या रथाचे चाक कोणी अडवू शकत नाही असा, दक्षिणापथाचा स्वामी. पुढे अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची आणि दिलेल्या गायी, घोडे, हत्ती, कार्षापण नाण्यांची यादी येते.

त्यातला ‘वीर’ हा शब्द आमच्या मनात घर करून बसला आहे. संस्कृतातला ‘वीर’ आणि लॅटिनमधला ‘विर’, म्हणजे पुरुष, हे एकाच मुळाचे. त्या ‘विर’वरून ‘विर्तुस’, पुरुषार्थ, आणि त्यावरून इंग्रजीतला ‘व्हर्च्यू’, सद्गुण. मंचरच्या शाळेतले मूल इंग्रजी तासाला जो ‘व्हर्च्यू’ शिकते त्याचा चुलत भाऊ त्याच्याच जिल्ह्यातल्या कातळावर २,००० वर्षे बसून आहे. आणि पुरुषत्वावरून आलेला हा शब्द तिथे कोरवून घेतला एका राणीने.

त्याच घाटातून कोकणातला माल जुन्नरला चढत होता. बैल, हमाल, वाटाडे, रात्री लेण्यात अंग टाकणारे, जकातीच्या नाक्यावर नाणी मोजणारे. पावसाळ्यात त्या निसरड्या फरसबंदीवरून पाठीवर ओझे घेऊन चढणारा माणूस वीर होता की नाही, हे भिंत सांगत नाही. भिंत लिहून घेणाऱ्याचे सांगते. पराक्रमाच्या नोंदी दरबारात झाल्या, आणि ज्यांच्या हाती टाक नव्हता त्यांचा पराक्रम दुसऱ्याच्या शब्दात नोंदला गेला, नाही तर राहूनच गेला.

याची दोन उदाहरणे जुन्नर आणि आंबेगाव याच दोन तालुक्यांत आहेत आणि दोन्ही मन बेचैन करणारी आहेत.

शिवनेरीवर जाणारा प्रत्येक जण शिवाई देवीचे दर्शन घेतो, जन्मस्थानापाशी माथा टेकवतो, कडेलोटाच्या टोकावर फोटो काढतो. कोळी चौथऱ्यापाशी फार थोडे थांबतात. सतराव्या शतकाच्या मध्याला महादेव कोळ्यांनी उठाव केला, तो मोडला गेला, आणि पकडून आणलेल्या शेकडो माणसांची मुंडकी त्या जागी उडवली, अशी या चौथऱ्यामागची हकीकत सांगितली जाते. शेकडो माणसांसाठी एक चौथरा, आणि त्यांच्या धैर्यासाठी दरबारी कागदात ‘बंड’ हा एकच शब्द.

दुसरे उदाहरण भीमाशंकरच्या कुशीतल्या जांभोरीच्या होनाजी भागोजी केंगले याचे. लोक त्याला होन्या म्हणत. १८७० नंतरची ती वर्षे. शेतसारा वाढलेला, भात पिकेल तेवढे सावकाराच्या वखारीत, कोऱ्या कागदावर अंगठे, आणि वाचता न येणाऱ्या माणसाच्या नावावर कोर्टाचे हुकूमनामे. होन्याने गडी जमवले आणि सावकारांवर चाल केली. दस्तऐवज जाळले, काही सावकारांची नाके कापली. पुणे, नगर, ठाणे अशा तीन जिल्ह्यांच्या डोंगरांत सरकार त्याच्या मागे लागले होते, त्याच्या डोक्यावर बक्षीस होते, आणि १८७६ साली मेजर डॅनियलने त्याला पकडले. सरकारी कागदांत तो दरोडेखोर आहे. ज्या काळात तो या डोंगरांत फिरत होता त्याच काळात, मे १८७५ मध्ये, भीमथडीच्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. त्याची चौकशी झाली, आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी सरकारला कायदा करावा लागला. ज्या अन्यायावर सरकारने पुढे कायदा केला, त्याच अन्यायाविरुद्ध उठलेला माणूस कागदावर गुन्हेगार राहिला. नाक कापण्याचे समर्थन आम्ही करणार नाही. पण ‘ब्राव्हो’ला खुनी म्हणणारी भाषा त्याचेच ‘ब्रेव्ह’ करते, गुन्ह्यातून ‘साहस’ मोठे होते, तर होन्याचे नाव ‘दरोडेखोर’ या एका शब्दाखाली कायमचे गाडून ठेवण्याचा अधिकार त्या मेजरच्या कचेरीला आम्ही का द्यावा? जांभोरीच्या लोकांनी तो दिलेला नाही. त्यांच्यासाठी तो आद्य क्रांतिकारकांपैकी एक आहे.

आता पुन्हा काळबादेवीवर येऊ. मिठाच्या सत्याग्रहाचे वर्ष. परदेशी कापडावर बहिष्कार होता आणि मँचेस्टरच्या एका व्यापाऱ्याचा माल पोलीस बंदोबस्तात बंदराकडे चालला होता. भांगवाडीपाशी निदर्शक आडवे आले. पोलीस त्यांना उचलून बाजूला फेकत होते आणि ते पुन्हा येत होते. गिरणीत काम करणारा, लहानपणीच बाप गमावलेला, शिक्षण जेमतेम झालेला बाबू गेनू त्यांत होता. त्याने दोस्तांचा जो गट बांधला होता त्याचे नाव तानाजी पथक असे सांगतात. तानाजीचे नाव घेऊन हाती शस्त्र न धरण्याची ही कल्पना त्या पोराला सुचली, यातच त्याची समज दिसते. ट्रकच्या चालकाने, त्याचे नाव बलबीरसिंग असे सांगितले जाते, आपल्याच माणसावर गाडी घालायला नकार दिला. मग गोऱ्या सार्जंटने चाक हाती घेतले.

चालकाचा तो नकार आपण फार पटकन ओलांडून पुढे जातो. नोकरी समोर, सार्जंट बाजूला, आणि हातातले चाक सोडायचे. त्याचे स्मारक कुठे आहे? शाळेतल्या भाषणात त्याला एक वाक्य तरी मिळावे, अशी आमची मागणी आहे.

सरकारने या मृत्यूला अपघात ठरवले. आमच्या दृष्टीने काळबादेवीच्या रस्त्यावर दुसरा घाव झाला तो या शब्दाचा. अपघातात माणसाला निवड नसते. बाबू गेनूने निवड केली होती. ट्रक येताना दिसत होता, बाजूला व्हायला वेळ होता, लोक ओरडत होते. ‘अपघात’ म्हणून त्याच्याकडून ती निवडच काढून घेण्याचा प्रयत्न झाला. मुंबईने तो मानला नाही. अंत्ययात्रेला लोटलेल्या गर्दीने त्याला दुसरे नाव दिले.

ते नाव म्हणजे ‘हुतात्मा’. हा शब्द सावरकरांनी घडवला असे मानले जाते: ज्याने स्वतःची आहुती दिली तो. इंग्रजीतला ‘मार्टर’ ग्रीकमधून आला. तिथे त्याचा अर्थ साक्षीदार. ‘शहीद’ अरबी, आणि त्याच्याही मुळाशी साक्ष देणेच आहे. केंद्र सरकारने संसदेत स्पष्ट केले आहे की ‘मार्टर’ किंवा ‘शहीद’ या शब्दाची सरकारी व्याख्या नाही. नसू दे. ग्रीक आणि अरबी शब्दांत जे आहे ते बाबू गेनूला चपखल बसते. त्याने तोंडाने फार काही सांगितले नाही. रस्त्यावर उभे राहून साक्ष दिली. आज डिंभे धरणाच्या पाण्याला हुतात्मा बाबू गेनू सागर म्हणतात, पुण्यात त्याच्या नावाने गणेश मंडळ आहे, मुंबईत रस्ता आहे.

इंग्रजांनाही पदकावरच्या शब्दाची धास्ती होती, हे इथे सांगायलाच हवे. २९ जानेवारी १८५६ रोजी व्हिक्टोरिया क्रॉस सुरू झाला. त्यावर ‘शूरांसाठी’ अशा अर्थाची ओळ कोरायचे ठरत होते. राणीने ती बदलली. पदक मिळालेलेच शूर आणि बाकीचे नाहीत, असा त्याचा अर्थ निघेल, हे तिचे म्हणणे होते. म्हणून ‘फॉर व्हॅलर’. राणीचा हा विचार योग्यच होता, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. पण त्याच साम्राज्यात हिंदी शिपाई या पदकाला पात्र ठरायला १९११ साल उजाडावे लागले. तोवर त्याचा पराक्रम वेगळ्या खात्यात जमा होत होता.

आळेफाट्यावरून नाशिककडे निघालो की संगमनेर तालुका लागतो. तिथल्या निमजचा नामदेव जाधव हा मराठा लाइट इन्फन्ट्रीचा शिपाई. इटलीत सेनिओ नदीवर ९ एप्रिल १९४५ रोजी त्याने दोन जखमी सोबत्यांना एकामागून एक खोल पाण्यातून, सुरुंगांच्या पट्ट्यातून पाठीवर घेऊन सुखरूप आणले. मग एकट्याने शत्रूच्या मशिनगनच्या चौक्यांवर चाल केली. हाताला गोळी लागून बंदूक धरता येईना, तेव्हा हातगोळे फेकले, संपले तेव्हा सरपटत जाऊन आणखी आणले. शेवटी बांधावर चढून मराठ्यांची आरोळी ठोकली आणि मागच्यांना ओलांडून यायला सांगितले. त्याच्या व्हिक्टोरिया क्रॉसच्या मानपत्रात इंग्रजी भाषेतले मोठे शब्द आहेत. त्या बांधावर उभे राहून त्याच्या तोंडून निघाली ती मात्र शिवनेरीवर जन्मलेल्या राजाच्या जयजयकाराची आरोळी. दोन्ही खरे आहे. आपल्या इतिहासात ही दोन्ही पाने एकत्र बांधली आहेत आणि एक फाडून दुसरे वाचता येणार नाही.

स्वतंत्र भारताने स्वतःची पदके घडवली तेव्हा परमवीर चक्राचे रेखाटन सावित्रीबाई खानोलकरांनी केले. जन्माने त्या स्वित्झर्लंडच्या, लग्नाने मराठी घरच्या. त्यांनी पदकावर इंद्राचे वज्र घेतले, ज्यासाठी दधीची ऋषींनी आपली हाडे दिली ते वज्र. २६ जानेवारी १९५० ला हे पदक स्थापन झाले. पुढे शांतताकाळातल्या शौर्यासाठीची अशोक चक्राच्या तीन वर्गांची पदके १९६७ मध्ये अशोक चक्र, कीर्ती चक्र आणि शौर्य चक्र अशा नावांनी ओळखली जाऊ लागली. प्रत्येकाला नाव मिळाले, दुसरा वर्ग, तिसरा वर्ग हे उरले नाही. आम्हाला हा बदल फार आवडतो.

पदकांच्या यादीत कधीही न येणारे शौर्य आमच्या डोळ्यांसमोर आहे. ३० जुलै २०१४ ची सकाळ, माळीण. डोंगर खाली आला आणि १५१ माणसे गेली. रोजच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकाला समोर गावच दिसेना, आणि त्याने ही खबर पुढे पोचवली. मग आजूबाजूच्या वाड्यांतली माणसे कोसळत्या पावसात, वरचा डोंगर पुन्हा सरकेल या भीतीत, हाताने चिखल उपसत होती. तीन महिन्यांचे एक बाळ आईसह जिवंत निघाले. जे उपसत होते त्यांचे स्वतःचे नातलग खाली होते. त्यांना शूर म्हटलेले आवडणार नाही, ते म्हणतील, ‘आमचीच माणसं होती, मग काय करणार?’ आणि जुन्नर-आंबेगावच्या बागायती पट्ट्यात, उसात बिबट्या आहे हे ठाऊक असूनही पहाटे कोयता घेऊन फडात उतरणारी ऊसतोड बाई, विहिरीत पडलेल्या बिबट्यासाठी दोरावर पिंजरा सोडणारा वनखात्याचा मजूर, यांना कोणत्या वर्गात बसवायचे?

नारायणगावच्या विठाबाईंचेही तेच. पोटात कळा सुरू असताना त्या फडावर नाचल्या, मागे जाऊन बाळंत झाल्या, नाळ दगडाने तोडली आणि पुन्हा प्रेक्षकांपुढे उभ्या राहिल्या, ही हकीकत सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. २००२ च्या जानेवारीत त्या गेल्या. राज्य सरकार त्यांच्या नावाने तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देते. ‘मर्दुमकी’त त्या मावत नाहीत, ‘वीर’ शब्दाचे मूळ पुरुषात आहे. मौजेच्या, मिरवण्याच्या शब्दातून निघालेला ‘गॅलंट’ मात्र त्यांना शोभतो, असे आम्हाला मनापासून वाटते.

आता कामाचे बोलू. २०३० साल दूर नाही. त्या वर्षी १९ फेब्रुवारीला शिवाजी महाराजांच्या जन्माला ४०० वर्षे होतील आणि १२ डिसेंबरला बाबू गेनूच्या बलिदानाला १०० वर्षे. एकाच वर्षात जुन्नरचा आणि आंबेगावचा असे दोन्ही सोहळे येतील. निधी येईल, समित्या होतील, कमानी उभ्या राहतील, फलक लागतील, आणि पाहुण्यांसाठी त्यांवर इंग्रजी मजकूरही लागेल. तो मजकूर मुंबईच्या एखाद्या जाहिरात कंपनीने लिहू नये. ‘ब्रेव्ह’, ‘गॅलंट’, ‘मार्टर’ यांतला कोणता शब्द कुठे शोभतो, हे ठरवायला या दोन तालुक्यांतले शिक्षक पुरेसे समर्थ आहेत. होन्या केंगलेच्या फलकावर सरकारी कागदातला ‘दरोडेखोर’ शब्दही लिहावा आणि तो कोणी, कोणत्या वर्षी वापरला तेही लिहावे. कोळी चौथऱ्यापाशी निदान मराठीत, इंग्रजीत आणि त्या माणसांच्या डोंगरी बोलीत हकीकत असावी. नाणेघाटातल्या लेखाचा वाचलेला मजकूर जवळच्या शाळांच्या भिंतीवर लावावा, म्हणजे मुलांना खरडायचे सुचण्याआधी वाचायचे सुचेल.

आणि याआधीचे, कमी खर्चाचे काम. प्रत्येक ग्रामपंचायतीने एक वही घालावी. गावात कोणी, कोणत्या साली, काय केले आणि ते आज कोण सांगते, एवढे चार रकाने. युद्धावर गेलेले, सत्याग्रहात गेलेले, पुरात उतरलेले, सावकारापुढे उभे राहिलेले, धरणात गाव गेल्यावर नव्या जागी घर उभे करणाऱ्या बाया, सगळे. पश्चिम पट्ट्यातल्या आदिवासी वाड्यांत हे काम तिथल्याच मुलांनी आजी-आजोबांजवळ बसून करावे. त्यांच्या तोंडचा शब्द शुद्ध करत बसू नये. मुंबईच्या पुरालेखागारातले होन्याचे कागद काढून त्यांच्या प्रती जांभोरीला द्याव्यात, हे तालुक्याच्या महाविद्यालयांनी अंगावर घ्यावे. दोन्ही तालुक्यांच्या गावांत २६ जानेवारीला ग्रामसभा होईल. तिच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा, ग्रामपंचायत अधिकाऱ्याने तो इतिवृत्तात नोंदवावा, आणि महाळुंगे पडवळच्या सभेने पहिल्या रकान्यात बाबू गेनूच्या आधी त्या ट्रकचालकाचे नाव लिहावे, अशी आमची विनंती आहे.